यामाकोशीचे कोईवाले आजोबा
कोई, म्हणजे शोभेचे रंगीत जपानी मासे, वाढवणारे यामाकोशीचे ते आजोबा रिटायर झाले असं तुम्ही लिहिलंत, वाचून गलबलून आलं. जपानमधे नीगाताला यामाकोशीत त्यांच्या फार्मवर ऑक्टोबरमधे गेलो होतो, डोंगरउतारावर भातखाचरांसारखी मातीची तळी, उन्हाळाभर त्यात वाढलेले मासे बर्फ पडायच्या आत जाळ्याने काढून शेडमधे आणतात ना, तेच चाललेलं. आजोबा कमरेपर्यंत चिखलपाण्यात, एक कोहाकू (पांढऱ्या अंगावर लाल नक्षी असलेला कोई) दोन्ही हातांवर अलगद धरून पाठीवरचा लाल रंग किती वेळ नुसते बघत होते. २००४ च्या भूकंपात तिथली कितीतरी तळी फुटली, अख्खं गाव रिकामं करावं लागलं, वाचलेले मासे तर हेलिकॉप्टरने हलवले! तरी माणसं परत गेली, तळी पुन्हा बांधली. आजोबांची तळी आता कोण बघतं, कळलं तर नक्की सांगा.