मदत हवी आहे : शौचाच्या नमुन्यात मायक्रोस्पोरिडियाचे बीजाणू रंगत नाहीत

काचपट्टी (बीड) : एचआयव्हीबाधित रुग्णाला महिनाभर पाण्यासारखे जुलाब होत असून डॉक्टरांनी मायक्रोस्पोरिडिया (पेशींत वाढणारे अतिसूक्ष्म परजीवी) पाहण्यास सांगितले आहे. ट्रायक्रोम या मिश्र रंगाने तीन स्मिअर (काचेवर पसरवलेले नमुने) रंगवले. पार्श्वभूमी स्वच्छ हिरवी येते, पण ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब घालून वापरायच्या भिंगातून) गुलाबी काहीच दिसत नाही. उद्या दुपारी अहवाल द्यायचा आहे, तरी कुठे चुकते ते कृपया लवकर सांगावे.

पशुवैद्य उदगीर : ट्रायक्रोम सोडा, सुधारित झील-नील्सन रंगपद्धत करा. वासरांच्या हगवणीत मी तेच वापरतो. १ टक्का सल्फ्युरिक आम्लाने रंग उतरवला की क्रिप्टोस्पोरिडियम (जुलाब घडवणारा दुसरा परजीवी) लाल मण्यांसारखे उठून दिसते.

गोदाकाठ (नांदेड) : डॉक्टरसाहेब, आपले मणी ४ ते ६ मायक्रॉनचे असतात. ताई विचारतात ते बीजाणू जेमतेम दीड मायक्रॉनचेही असू शकतात, आणि त्यांच्यासाठी झील-नील्सनवर विसंबता येत नाही. ताई, ट्रायक्रोम कोणता, किती मिनिटे, आणि स्मिअर किती जाड?

पशुवैद्य उदगीर : मान्य, परंतु अशा रुग्णात क्रिप्टोस्पोरिडियम न तपासता दिलेला अहवाल अपुराच राहील.

टँकरवाडी : रुग्णाला पाणी उकळूनच द्यावे, कारण नेहमीच्या क्लोरीनला क्रिप्टोस्पोरिडियम दाद देत नाही.

काचपट्टी : अमीबासाठी वापरतो तोच ट्रायक्रोम, १० मिनिटे. आत्ता नोंदवही पाहिली; १०० मिलिलिटरला क्रोमोट्रोप (त्यातला लाल रंग) ०.६ ग्रॅम आहे.

गोदाकाठ : मग अडचण तिथेच आहे. बीजाणूच्या जाड, कायटिनयुक्त भिंतीतून रंग सहजासहजी आत शिरत नाही, म्हणून सुधारित पद्धतीत क्रोमोट्रोप दहापट, म्हणजे ६ ग्रॅम घेतात आणि काच ९० मिनिटे रंगात ठेवतात. फॉर्मेलिनमधल्या नमुन्याचा १० मायक्रोलिटर इतकाच थेंब पातळ पसरवा, वाळल्यावर ५ मिनिटे मिथेनॉलमध्ये ठेवा, आणि आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये १० सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. यीस्ट व काही जिवाणूही गुलाबी होतात. अंडाकृती बीजाणूच्या मधोमध आडवा किंवा तिरका पट्टा काहींत तरी दिसल्याशिवाय होकार लिहू नका.

लातूरची लॅब : ५० अंशांवर १० मिनिटांत काम होते, दीड तास कशाला?

गोदाकाठ : होते, पण ज्यांच्याकडे तापमान नेमके राखणारे वॉटर बाथ आहे त्यांनी ते करावे. पहिल्या वेळी सावकाश रंगवलेलेच बरे.

काचपट्टी : क्रोमोट्रोप शिल्लक आहे, आज रात्रीच रंग तयार करते आणि सोबत झील-नील्सनची एक काचही लावते. मात्र ताडून पाहायला खात्रीची पॉझिटिव्ह काच आमच्याकडे नाही. संभाजीनगर किंवा अंबाजोगाईत कोणाकडे असल्यास सकाळी माणूस पाठवते.