फटाके नकोत, आधी काजूचे बोंडू (रसाळ फळं) उचला
गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात अस्वल घराकडे आलं तर फटाके लावा, असं काहीजण सुचवतात. नकोच. त्याची नजर अधू. दचकलं की पळण्याऐवजी थेट अंगावर येतं. ते येतं कशाला ते बघा. मार्च ते मे काजू-फणसाचा घमघमाट! बिया काढून झाल्यावर बोंडू झाडाखाली कुजत ठेवू नका. रसाचा चोथाही संध्याकाळच्या आत दोन-अडीच फूट खोल पुरा आणि माती नीट दाबा. वारूळ फोडणाऱ्या नखांना भुसभुशीत माती म्हणजे काहीच नाही. पिकायला आलेले फणस वेळीच उतरवा. पहाटे बागायतीत मोठ्यानं बोलत, काठी आपटत जा, कुत्रा मोकळा नको: घाबरून तुमच्याकडेच पळत येतो, मागून अस्वल. दिसलंच तर हळूहळू मागे सरका, मग वनखात्याला फोन.