मदत हवी आहे : पॅच टेस्टमध्ये 'फ्रॅग्रन्स मिक्स' पॉझिटिव्ह आलंय, आता लेबलवर नेमकं काय बघू?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच महिने मानेवर, कानांमागे आणि पापण्यांवर लाल चट्टे उठताहेत, खाज तर विचारू नका. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्ट केली, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते बघायला संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या. निकेल निगेटिव्ह, फ्रॅग्रन्स मिक्स १ आणि २ (सुगंधी घटकांची चाचणीसाठीची मिश्रणं) दोन्ही पॉझिटिव्ह. मलम मिळालं आणि "वासाच्या वस्तू बंद करा" एवढाच सल्ला. बाहेर पेशंटांची ही रांग, त्यामुळे पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

घरातल्या बाटल्या तपासल्या. आपल्याकडच्या बहुतेकींवर घटकांच्या यादीत नुसतं 'परफ्यूम' लिहिलंय. नणंदेने नेदरलँड्सहून आणलेल्या लोशनवर मात्र लिनालूल, लिमोनीन, सिट्रोनेलॉल अशी नावंच नावं. तिनेच पूर्वी कधीतरी दिलेल्या एका डिओवर ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल आहे, आणि त्यावर युरोपात बंदी आहे असं वाचलं. मग तो डिओ मी इतके दिवस लावला त्याचं काय?

सासूबाई म्हणतात, केमिकल सोड आणि उटणं लाव. फॅमिली ग्रुपवर रोज 'सेंटने कॅन्सर' फिरतंय. मुलगी आठवीत आहे, तिला डिओ हवाच आहे. तिलाही बंद करायला लावू का? कुणी यातून गेलं असेल किंवा या क्षेत्रातलं असेल तर नीट सांगा. घाबरवू नका प्लीज.

गंधवेडा
सुगंधी द्रव्यांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो. तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. ॲलर्जी हा तुमच्या शरीराचा प्रश्न. विषारीपणा हा सगळ्यांचा.

आधी तो डिओ. त्या लांबलचक नावाच्या रसायनाला धंद्यात लिलिअल म्हणतात. प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून युरोपने ते प्रजननाला घातक गटात टाकलं आणि १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं. तिथल्या वैज्ञानिक समितीचा मुद्दा असा होता की एकेका वस्तूतलं प्रमाण कमी असलं तरी शाम्पू, लोशन, डिओ असं सगळं मिळून सुरक्षित म्हणता येत नाही. म्हणजे तुम्ही लावलात म्हणून काही झालंच असेल असं नाही. बाटली टाकून द्या आणि विषय संपवा.

आता ॲलर्जी. मिक्स १ मध्ये आठ घटक असतात : सिनामाल, सिनामिल अल्कोहोल, युजेनॉल, आयसोयुजेनॉल, जिरॅनिऑल, हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल, अमिल सिनामाल आणि ओकमॉस. मिक्स २ मध्ये सिट्राल, फार्नेसॉल, कुमारिन, सिट्रोनेलॉल, हेक्सिल सिनामाल आणि लायरल. या लायरलची ॲलर्जी इतक्या जणांना निघाली की युरोपने तेही हद्दपार केलं, २०२१ पासून तिथे दुकानात विकताही येत नाही. डॉक्टरांना विचारा, मिक्समधले घटक सुटे तपासता येतील का. चौदाच्या चौदा टाळण्यापेक्षा दोन टाळणं सोपं.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण लवंगेत युजेनॉल असतं, दालचिनीत सिनामाल, गवती चहाच्या तेलात मुख्यतः सिट्राल, गुलाबाच्या तेलात सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल. कारखान्यात बनलेला रेणू आणि झाडातला रेणू एकच, तुमच्या कातडीला फरक कळत नाही. सुगंधी उटणं तूर्त नको.

पुणेरी_काकू
मग आता मोगऱ्याचा गजराही बंद का? कमाल आहे बाई.

गंधवेडा
काकू, गजरा मानेला घासत असेल तर रानजाईंनी काही दिवस बंदच ठेवावा. तुम्ही खुशाल माळा :)

चिंगी७
रानजाई, मी गेली काही वर्षं हेच भोगतेय. माझ्या अनुभवाचं सांगते. 'अनसेंटेड'वर भुलू नकोस. कच्च्या मालाचा वास झाकायला त्यात कधीकधी सुगंधच घातलेला असतो. 'फ्रॅग्रन्स फ्री' शोध, आणि तरीही मागची यादी वाच. 'हायपोअलर्जेनिक' आणि 'नॅचरल' हे शब्द मी तर आता वाचतही नाही. तेच आपल्याकडच्या 'परफ्यूम' शब्दाचं, त्यात नेमकं काय ते कळत नाही, म्हणून तो दिसला की बाटली परत फळीवर. युरोपातल्या लेबलांचा आपल्याला फायदा. तिथे २६ ॲलर्जीकारक घटक नावानिशी लिहावे लागत होते, २०२३ च्या नियमाने ती यादी ८० च्या वर गेली आहे. नव्या मालाला ३१ जुलै २०२६ पासून लागू, जुना माल २०२८ पर्यंत चालेल.

आणि एक, पापण्यांवर येतं म्हणजे पापण्यांनाच काही लावतेस असं नाही. शाम्पू ओघळतो, हाताचं क्रीम डोळ्याला लागतं, नवऱ्याचा आफ्टरशेव्हसुद्धा पुरतो. माझा खरा चोर कपड्यांचा कंडिशनर निघाला, उशीच्या अभ्र्यातला!

गंधवेडा
चिंगी, बरोबर. त्यात भर : लिमोनीन आणि लिनालूल ताजे असताना फारसे त्रासदायक नसतात, हवा लागून त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड बनले की ॲलर्जी करतात. म्हणून वर्षानुवर्षं पुरवून वापरलेली बाटली नकोच.

फॉरवर्डबद्दल : त्यात बहुधा थॅलेटचं नाव असेल. थॅलेट ही एक वस्तू नाही, रसायनांचं कुटुंब आहे. त्यातले डायब्युटिल आणि डीईएचपी हे दोन थॅलेट युरोपने प्रसाधनांत बंद केलेत, सुगंधात वापरला जाणारा डायइथाइल थॅलेट चालतो. 'सेंटने कॅन्सर' असं सरसकट विधान मी तरी करणार नाही. मात्र प्रमाणाच्या मर्यादा ठरवणारी इफ्रा ही सुगंध उद्योगाचीच संस्था आहे, त्यामुळे लोकांना शंका येते ती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

रानजाई
खूप आभार सगळ्यांचे. डिओ कचऱ्यात गेला. कंडिशनरचं डोक्यातच आलं नव्हतं, आमच्याकडे तो दर धुण्याला असतो. लेकीचं काय करू? तिला काहीच त्रास नाही.

चिंगी७
त्रास नसेल तर तिच्यावर बंदी कशाला? फक्त दाढीच्या ब्लेडने काख साफ केल्या केल्या फवारू नको म्हणावं, आणि स्प्रे तुझ्या खोलीत नको. तुझ्यासाठी नवीन काही आणलंस तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं, दिवसातून दोनदा, आठवडाभर तरी लावून बघ. पण आताचे चट्टे पूर्ण बसल्यावरच, आणि डॉक्टरांना विचारून.