लेकाला वरचा पलंग पाहिजे, घरात दोन तट पडलेत

फुलेवाडीकरीण
लेकाला जूनमध्ये नऊ पूर्ण होतील. दारामागच्या पेन्सिलीच्या खुणांप्रमाणे उंची चार फूट चार इंच, त्यातले सव्वादोन इंच गेल्या एका वर्षातले. आजवर आमच्यातच झोपत होता. आता त्याला मागची खोली द्यायचं ठरलंय आणि त्या खोलीत त्याला ‘वरचा पलंग’ पाहिजे. म्हणजे झोपायचं वर, खाली अभ्यासाचं टेबल, चढायला शिडी. वर्गातल्या मित्राकडं बघून आला, तेव्हापासून ताटावर बसलं की हाच विषय.

खोली १० बाय ११. गडहिंग्लजहून सासरची माणसं आली की गाद्या तिथंच पडतात, त्यामुळं जमीन मोकळी राहिलेली मला हवीच आहे. धाकटी तीन वर्षांची. दोन-तीन वर्षांत तीही याच खोलीत येणार. म्हणून असंही वाटतंय, की एकावर एक दोन पलंगांचा बंकच करून टाकावा, पुन्हा खर्च नको.

मी म्हणते करूया. नवरा म्हणतो अजिबात नको, आणि का विचारलं तर ‘पडेल’ एवढंच. सासूबाई म्हणाल्या, “माळ्यावर आम्ही कांदे ठेवत होतो, पोरं नाही.” सुतार शुक्रवारी माप घ्यायला येतोय. केलेत त्यांनीही बोला, करून पस्तावलेत त्यांनीही. धागा सासूबाईंना वाचून दाखवणार आहे, जरा जपून लिहा.

दोन पोरं एक खोली
डोळे झाकून करा. आमच्याकडं बंक आहे, सहा वर्षं झाली. मोठी वर, धाकटा खाली. आधी दोन दिवाण होते तेव्हा खोलीत आडवं चालायला लागायचं. आता खाली कॅरम मांडून चौघं बसतात. आणि जागेपेक्षा मोठी गोष्ट सांगू? मोठीला स्वतःचं म्हणून काहीतरी मिळालं. दोन खोल्यांच्या घरात पोराला एकटं बसायला जागा कुठं असते? ती वर जाऊन वाचत बसते, रुसली की वर, अभ्यास नको असला की वर. पडली एकदाही नाही. ‘पडेल’ म्हणून सायकल पण शिकवणार नाही का भाऊजी?

रात्रपाळीची सिस्टर
सायकलवरनं पडतं ते जागं पोर. झोपेतलं पोर हात टेकत नाही, डोकं टेकतं. मुलांच्या वॉर्डात बारा वर्षं काढलीत म्हणून बोलते.

ताई, लेक नऊचा होतोय, त्याचं ठीक. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नये. लेकाला तो लागू होत नाही. मला काळजी तुमच्या तीन वर्षांच्या पोरीची आहे. दादा वर आहे म्हटल्यावर ती खाली राहणार आहे का? तुम्ही भाकरी थापत असताना ती निम्म्या शिडीवर असेल. शिडी रात्री लावायची आणि दिवसा काढून दाराआड ठेवायची, असली सोय असेल तरच विचार करा.

अजून दोन गोष्टी विचारते, इथं उत्तर देऊ नका, घरात बोला. झोपेत उठून चालायची सवय आहे का? अंथरूण अजून कधीमधी ओलं होतं का? या वयात दोन्हीत लाजण्यासारखं काही नाही, पण दोन्हीतलं एक जरी असलं तरी वर नको. आणि ताप आलेल्या रात्री पोराच्या उशाशी बसायचं असतं, ते शिडीवर उभं राहून जमत नाही. आम्ही वॉर्डात उंच कॉट वापरतो, पण दोन्ही बाजूला कठडे लावून आणि सारखं बघायला माणूस ठेवून.

वेल्डिंगवाला उद्यमनगर
सिस्टर, एवढं काय घाबरवालाय लोकांना? आमच्याकडनं महिन्याला दोन-तीन असले बेड जात्यात. दोन बाय दोनचा स्क्वेअर पाईप, सोळा गेज, पायांना खाली आडवी पट्टी. माझ्या स्वतःच्या पोराचा हाय, त्याच्यावर मी चढून नाचलोय, वजन ८४. प्लायचा करकरतोय, लोखंडाचा गप बसतोय. सहा महिन्याला नट आवळायचं तेवढं ध्यानात ठेवा.

ताई, एकच सांगतो. सगळीकडं वेल्डिंग मारून घेऊ नका, नट-बोल्टचा करा. एकानं हौसेनं खोलीतच वेल्डिंग करून घेतलं आणि घर बदलताना कटरनं तुकडे पाडून भंगारात घातलं. आणि भिंतीला पकडायचा असला तर आधी ठोकून बघा. चार इंची पार्टिशनच्या भिंतीत फास्टनर मारून त्याच्यावर पलंग टांगायचा नसतो, कुणी कितीबी सांगू दे. भार पायावरच पाहिजे.

रात्रपाळीची सिस्टर
दादा, तुमच्या नाचण्यानं पाईप मजबूत आहे हे कळलं. कठडा किती उंच ठेवता?

वेल्डिंगवाला उद्यमनगर
नऊ इंच. फळीपासनं.

रात्रपाळीची सिस्टर
आणि गिऱ्हाईक वर सहा इंची गादी आणून टाकतं. राहिले तीन. कड कुठं आहे हे कळण्यापुरता कठडा उरला, अडवायला नाही. अमेरिकेत बंकसाठी कायदाच आहे. कठडा गादीच्या वर निदान पाच इंच पाहिजे, आणि वरच्या पलंगाच्या गजांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी नको. फटीचं कारण ऐकून ठेवा. लहान पोराचं अंग पायाकडून सरकून बाहेर येतं आणि डोकं अडकतं. भिंतीकडच्या बाजूलाही कठडा हवा. पलंग जरा सरकला की भिंत आणि गादीमध्ये फट पडते, आणि तो सरकतोच.

वेल्डिंगवाला उद्यमनगर
हे बरोबर हाय. गादी किती इंची हे आम्ही विचारतच न्हाई. आता विचारत जातो. सहाची गादी असली तर फळीपासनं बारा घ्या ताई.

बोर्डिंगचा पोरगा
कोल्हापुरात बसून पोरांनी कशावर झोपावं यावर वाद? १९०१ साली शाहू महाराजांच्या काळात मराठा बोर्डिंग सुरू झालं, आणि मग जातीजातीची वसतिगृहं निघून हे गाव भरलं. खेड्यातनं आलेली पोरं ट्रंकेला डोकं लावून सतरंजीवर झोपली आणि शिकून मोठी झाली. मीही तसाच. लेकाला एक चांगली कापसाची गादी द्या, सकाळी गुंडाळायला शिकवा. खोली रिकामीच्या रिकामी.

दोन पोरं एक खोली
बोर्डिंगात गादी कोण गुंडाळत होतं ते माहीत नाही, आमच्या घरी आईच गुंडाळते.

माप आधी
वाद चांगला चाललाय, पण पंख्याबद्दल कुणीच काही विचारलेलं नाही. परदेशी फोटोंत छताला पंखा नसतो, म्हणून ते पलंग छान दिसतात.

ताई, हिशोब करूया. स्लॅब जमिनीपासून साडेनऊ फूट धरला आणि दांडी फूटभर असली, तर पाती साडेआठ फुटांवर. खाली टेबल ठेवायचं म्हणजे वरची फळी साडेपाच फुटांवर येणार, त्यावर सहा इंची गादी, म्हणजे पोरगा सहा फुटांवर झोपणार. या उंचीचं पोर मांडी घालून बसलं की डोकं अजून सव्वादोन फूट वर. झाले सव्वाआठ. पात्याला तीन इंच उरले. गुडघ्यावर उभा राहिला की संपलं.

आता आडवं माप. पंखा बहुतेक १२०० एमएमचा, म्हणजे मधोमधापासून दोन फूट फिरतो. तुमच्या दहा फुटी रुंदीत तो भिंतीपासून पाच फुटांवर असणार, म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर. पलंग चौकटीसकट सव्वातीन फूट. ११ फुटी भिंतीला लावलात तर पातं पलंगाच्या कडेवरूनच फिरतंय. १० फुटी भिंतीला लावलात तर पात्याचं टोक साडेतीन फुटांवर येतं, म्हणजे तीन इंच मोकळे. पोरानं झोपेत अंगावरचं पांघरूण उडवलं तर ते पात्यात जाईल, एवढंच ते अंतर.

भाऊजींना ‘पडेल’ एवढंच म्हणायचं असेल, पण ते चुकीच्या कारणानं बरोबर असू शकतात.

वेल्डिंगवाला उद्यमनगर
मग पंखा काढा की! भिंतीवरचा पंखा लावायचा. पलंग कशाला रद्द करायचा?

माप आधी
चालेल. पण फ्लॅट वरच्या मजल्यावरचा आहे का ते ताईंनी सांगावं. असेल तर एक काम करा. आज रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून स्लॅबला तळहात लावा. आपल्याकडं मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असतो. तिथून साडेतीन फुटांवर पोराचं अंथरूण येणार आहे. नऊ वर्षांच्या मुलाला निदान नऊ तास झोप लागते, ती घामात लागणार नाही. आठव्या दिवशी तो उशी घेऊन तुमच्याच खोलीत येईल, आणि वरच्या पलंगावर इस्त्रीचे कपडे.

कुंभार गल्लीतला
विषयांतर होतंय, पण राहवत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. अख्ख्या घरात बंकचा वरचा मजला तेवढा कोरडा. पुस्तकं, रेशनकार्ड, मिक्सर, देव, सगळे तिथं. खालचे प्लायचे पाय मात्र पुस्तकासारखे उकलले. पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी लोखंडाचाच करावा.

विकून टाकला
मी पस्तावलेल्यांतली. लेक आठची असताना हौसेनं केला, गुलाबी सनमायका, शिडीला चांदण्या. सुतारानं ‘लहान मुलांचा’ म्हणून साडेपाच फूट लांबीचा केला आणि आम्हाला ते गोड वाटलं. बाराव्या वर्षी पाय बाहेर. तेरावं लागलं आणि पाळीच्या दिवसांत पोट धरून शिडी चढायची तिला नकोशी झाली. कधी सांगितलं नाही, नुसती हॉलमध्ये झोपायला लागली. आम्हाला वाटायचं टीव्हीसाठी. खालच्या टेबलाशी उभी राहिली की डोकं फळीला. तिथं उजेडही कमी, दिवसा दिवा लावायला लागायचा.

आणि चादर! वरच्या गादीची चादर घालून बघा एकदा. कापसाची गादी उन्हात टाकायला खाली उतरवायची म्हणजे दोन माणसं लागतात. जुलैत वीस-वीस दिवस ऊन नसतं आपल्याकडं, खालून सलग प्लाय होती, गादीच्या पोटाला बुरशी धरली.

आत्ता असता तर मी सव्वासहा फुटी पूर्ण लांबीचा, बुटका पलंग केला असता आणि त्याच्या पोटात चाकांचा दुसरा पलंग, रात्री बाहेर ओढायचा. आठ वर्षांच्या मुलीचं ऐकून केला, पण झोपायचं तेरा वर्षांच्या मुलीला होतं.

दोन पोरं एक खोली
लांबीची चूक सुताराची, बंकची नाही. आमचा पूर्ण लांबीचा आहे आणि दोन वेगळे पलंग होतात त्याचे. मोठी दहावीला गेली की सुटे करणार. पाळीचं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ती अकराची आहे. आज विचारते तिला.

रात्रपाळीची सिस्टर
केलाच कुणी तर शिडीला, कठड्याला ओढणी, दोरी, दोरीउड्या काही बांधू देऊ नका. पोरं झोका करतात. याहून जास्त लिहीत नाही.

फुलेवाडीकरीण
सगळं वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. बोर्डिंगवाल्या दादांवर त्या खूश आहेत.

आम्ही वरच्याच मजल्यावर. काल रात्री अकराला नवरा स्टुलावर चढला, स्लॅबला हात लावला, मिनिटभर तसाच उभा. उतरल्यावर काही बोलला नाही, तळवा माझ्या गालाला लावला. मी वाद तिथंच सोडला.

शुक्रवारी सुतार आला तेव्हा टेप लावून बघितलं. ‘माप आधी’ यांचा हिशोब इंचभर इकडंतिकडं तसाच निघाला. मग असं ठरवतोय. फळी साडेतीन फुटांवर, लांबी सव्वासहा, गादी पाच इंची, कठडा गादीच्या वर सहा. पोटात चाकांचा पलंग. आत्ता पाहुण्यांना, पुढं धाकटीला. गादीखालची फळी पट्ट्यांची, वारा लागायला. टेबल खिडकीशी वेगळं, म्हणजे जमीन मला हवी तेवढी मोकळी राहणार नाही, ते सोसेन. या उंचीला तो उभा राहिला तरी आज डोकं सव्वाआठ फुटांवर येतं. पण वाढतोय आणि हात वर करणारच, म्हणून छताचा पंखा काढून भिंतीवरचा लावतोय.

लेक नाराज आहे. “हा तर दिवाणच आहे,” म्हणाला. एकच अट घातलीय, शिडी पाहिजे. साडेतीन फुटांना शिडी कशाला, तर पाहिजे.

वेल्डिंगवाला उद्यमनगर
शिडी माझ्याकडनं. पैसे नकोत. तीन पायऱ्यांची करतो, वर अडकवायची, काढता येईल अशी, घरात बारकी पोरगी हाय म्हणून. पोराला घेऊन या, त्याच्या पावलाचं माप घेतो.

रात्रपाळीची सिस्टर
पायऱ्या चपट्या करा दादा, गोल पाईप तळपायाला टोचतो.

वेल्डिंगवाला उद्यमनगर
तीन इंची पट्टी टाकतो. अजून काय असलं तर आत्ताच सांगा, सिस्टर.