ओल्या कचऱ्याचे खत आणि मुलांचा सहभाग
पर्यावरण जपण्याची सवय लावताना घरातील प्लॅस्टिक कमी करण्यापासून मुलांना सुरुवात करू द्यावी, अशी एक सूचना वाचली आणि ती मला मनापासून पटली. तिला पूरक म्हणून घरच्या घरी खत करण्याचा विचार मांडावासा वाटतो, कारण त्यात मुलांना केवळ नियम पाळायचे नसतात, तर एक प्रक्रिया डोळ्यांसमोर घडताना पाहायला मिळते.

बाजूंना भोके पाडलेल्या, झाकणाच्या बादलीत भाज्यांची देठे आणि फळांच्या साली टाकाव्यात आणि प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट-तिप्पट वाळलेला पाला किंवा कागदाचे कपटे पसरावेत. ओल्या कचऱ्यातून सूक्ष्मजीवांना नायट्रोजन मिळतो आणि कोरड्यातून कार्बन. कोरडा भाग कमी पडला किंवा हवा खेळती राहिली नाही, की दुर्गंधी सुटते. अशा वेळी प्रयोग सोडून न देता, काय कमी पडले असेल हे मुलांनाच शोधू द्यावे. माझ्या मते खरे शिक्षण तिथेच होते. मिश्रण पिळून काढलेल्या फडक्याइतके ओलसर असावे, ही परीक्षा लहान मुलेही करू शकतात.

कचराभूमीत हाच कचरा हवेविना कुजला, तर त्यातून मिथेन बाहेर पडतो आणि १०० वर्षांच्या हिशेबात तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५ पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो, हे थोड्या मोठ्या मुलांना अवश्य सांगावे.

खत हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. दमा असलेल्या मुलांना मात्र ते ढवळायला देऊ नये, कारण त्यातून बुरशीचे बीजाणू हवेत उडतात.