मदत हवी आहे: केंद्र चार महिने बंद, इंजिनाला घाम सुटतोय

गंजखोर
जुनं वाफेचं इंजिन चालवून दाखवणारं आमचं केंद्र छपराच्या कामासाठी ४ महिने बंद. इंजिन प्लास्टिकमध्ये गुंडाळून कडा चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. दहाव्या दिवशी आतून थेंब, पिस्टनच्या दांड्यावर तांबूस डाग. छपरातून गळत नाही, पाहिलंय. काय लावू? उद्या परांची बांधायला माणसं येताहेत, आजच सांगा.

तेलपाणी
वाफेवर चालवत होता की मोटरवर फिरवून दाखवत होता? बॉयलर कुठल्या अवस्थेत? दालनात हीटर होता का?

फिरकी
गंज सोडवायचा स्प्रे मारा, विषय संपला.

तेलपाणी
त्यातला बराचसा भाग उडून जातो, उरलेला थर ४ महिने टिकत नाही. आधी डाग काढा, मग मेणाचा गंजरोधक द्या. फक्त उघड्या धातूवर, रंगावर नको.

गंजखोर
वाफेवर. आडवं, एक सिलिंडर. बॉयलर रिकामा आहे. हीटर बंद केला, माणूसच नाही तर कशाला?

दवबिंदू
तिथेच घोळ झाला. हवा २५ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असली की १९ अंशांच्या लोखंडावर दव धरतं. रात्री गार झालेलं एवढं ओतीव लोखंड दुपारच्या हवेबरोबर तापत नाही. त्यात तुम्ही ओल प्लास्टिकात कोंडलीत. ते काढा, सुती चादर घाला. धुळीसाठी ताडपत्री वेगळ्या चौकटीवर, लोखंडाला न टेकता. हीटर मंद ठेवा, आर्द्रता ५० च्या खाली राहू द्या.

फिरकी
सुती कापड ओल धरतं. प्लास्टिक आणि ओल शोषणारं सिलिका जेल!

दवबिंदू
सहाही बाजू हवाबंद असतील तर जरूर. इथे खाली फ्लायव्हीलचा, म्हणजे मोठ्या जड चाकाचा खड्डा आहे ना, तिथून येणारी ओल जेल किती दिवस पिणार?

नोंदवही
शाळांच्या आगाऊ नोंदण्या रद्द केल्यात का? नकाशावर ‘तात्पुरते बंद’ टाका. आणि इमारत रिकामी असल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दावा अडकतो.

गंजखोर
शाळांचं कोण विचारतंय इथे?

तेलपाणी
विम्याचं मात्र ऐका. आता बॉयलर: ‘रिकामा’ म्हणजे नुसता खालचा कॉक उघडलात? मग तळाच्या गाळात पाणी आहेच, आणि अर्धा ओला बॉयलर सगळ्यात वाईट, पाणी आणि हवा दोन्ही. मॅनहोल, मडहोल (आत शिरायची आणि गाळ काढायची भोकं) उघडा, गाळ धुवा, गरम हवेने पूर्ण कोरडा करा. मग ट्रेमध्ये निळं जेल ठेवून झाकणं लावा. महिन्याने बघा, गुलाबी झालं की बदला. भट्टीतली काजळी आणि राखही काढा, ओल लागली की आम्ल होतं. धुराडं झाकलंत तर कोणी पेटवू नये म्हणून भट्टीच्या दारावर पाटी हवीच.
डाग ग्लँडजवळ, म्हणजे दांडा सिलिंडरमधून बाहेर येतो तिथे आहेत का?

गंजखोर
हो, तिथेच जास्त.

तेलपाणी
ग्लँडमधली वाफ अडवणारी पॅकिंग ओली राहिली की दांडा खाते, खड्डे पडतात. ती काढायची. पण जुनी असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. तपासल्याशिवाय हात लावू नका. सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे ठेवा. पंधरवड्याला तेल देऊन हाताने सव्वा फेरा फिरवा, म्हणजे दर वेळी वेगळ्या जागी थांबेल.

गंजखोर
फिरवायला जागा उरेल का बघतो. परांचीचा एक पाय खड्ड्याच्या लाकडी झाकणावर येतोय. चालेल ना?

दवबिंदू
नाही. हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं.