शब्दचर्चा : ‘वसाहतवाद’ म्हटलं की वागळे इस्टेट का आठवते?

किसननगरची :
ठाण्यात आमचा एक छोटा अभ्यासगट आहे. रविवारी सकाळी सात-आठ जण जमतो, चहा आळीपाळीने. यंदा अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस आणि कॅरिबियनमधल्या हैतीतली गुलामांची क्रांती असे दोन विषय घेतलेत, आणि मराठी टिपणं काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. परवा मी मोठ्याने वाचलं, ‘वसाहतींमधील कामगारांचे शोषण’. आमच्यातले रिक्षावाले काका लगेच म्हणाले, “कुठल्या वसाहती? वागळेच्या की टीटीसीच्या?” दोन्ही आमच्याकडच्या औद्योगिक वसाहती.

सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर मात्र वाटलं, काकांचं चुकलं कुठे? लहानपणापासून आपण वसाहत म्हणजे पोलीस वसाहत, कामगार वसाहत, औद्योगिक वसाहत हेच पाहिलंय. मग ‘हैती ही फ्रान्सची वसाहत होती’ असं वाचल्यावर डोळ्यांसमोर पत्र्याची शेड आणि भोंगाच येणार. दुसरा शब्द आहे का? ‘कॉलनी’ लिहावं तर आणखी पंचाईत, पार्किंगची भांडणं आठवतात. आणि इंग्रजीतल्या ‘रेस’साठी (काळे-गोरे या अर्थाने) ‘वंश’ लिहू की ‘वर्ण’, तेही सांगा.

नेरुळचा जुना मुद्रितशोधक :
ताई, शब्द बदलू नका. वसणे, वस्ती, वसाहत हे एका घरातले आहेत. युरोपी भाषांतला शब्द लॅटिन ‘कोलोनिया’वरून आला, आणि त्याचाही अर्थ मुळात जाऊन वसणे, जमीन कसणे असाच होता. रोमन सैनिकांना जिंकलेल्या मुलखात जमिनी देऊन वसवत, ती कोलोनिया. म्हणजे मराठी प्रतिशब्द ज्याने कोणी रूढ केला त्याने अंधारात बाण मारलेला नाही.

वागळे इस्टेटचं म्हणाल तर औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, त्याची सुरुवातच ठाण्यातली. ‘औद्योगिक वसाहत’ तेव्हापासून आपल्या कानांना इतकी सवयीची झाली की ‘वसाहतवाद’ हा एखादा नगररचनेचा विषय वाटावा. टिपणात पहिल्यांदा येईल तिथे ‘परक्या सत्तेने बळकावलेला मुलूख’ असं एकदा लिहा आणि पुढे वसाहत चालू द्या.

दिवाळे गावचा :
मुद्रितशोधक काका, मला वाटतं तुम्ही नेमकी महत्त्वाची गोष्ट ओलांडून पुढे गेलात. वसणे आणि वसवणे यांतला फरक.

वसणे अकर्मक आहे. माणसं येतात, वसतात. वसवणे प्रयोजक, कुणीतरी वसवावं लागतं. ‘सिडकोने (म्हणजे शहर उभारणाऱ्या सरकारी महामंडळाने) नवी मुंबई वसवली’ हे वाक्य शाळेपासून ऐकतोय. कर्ता सिडको, कर्म नवी मुंबई, क्रियापद वसवली, वाक्य पूर्ण. आता यात आमचं गाव कुठल्या विभक्तीत बसवू? १९७० साली सिडको आली तेव्हा ठाणे, पनवेल, उरणची ९५ गावं आधीच वसलेली होती. भातशेती होती, मिठागरं होती, खाडीत जाळी लागत होती. जमीन मोकळी पडली होती असं कोणी म्हणत नाही, पण ‘वसवली’ हे क्रियापद गुपचूप तेवढंच म्हणून जातं.

आणि ‘प्रकल्पग्रस्त’ घ्या. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त, त्याच ओळीत आम्ही. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला, गिळलेला. ग्रहणातला खग्रास तोच. पूर आणतो आभाळातला पाऊस, प्रकल्प कोण आणतो? त्याच्या कागदावर सही असते. पण शब्द असा बनवलाय की जणू एका रात्री प्रकल्प खाडीतून वर आला आणि आम्ही त्यात सापडलो. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात जासई-नवघरच्या बाजूला गोळीबार होऊन पाच जण गेले. त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. आज आमच्याकडे ‘साडेबारा’ हे नामच झालंय. “त्याचं साडेबारा निघालं का?” असं विचारतात. आकडा नाम झाला, आणि ज्यांनी तो मिळवला ते मात्र विशेषणच राहिले, ग्रस्त.

नेरुळचा जुना मुद्रितशोधक :
व्याकरण कबूल. पण जरा जपून. हैतीत १७९१ च्या उठावाच्या वेळी सुमारे ५ लाख गुलाम होते. आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेले, उसाच्या मळ्यात मरेपर्यंत राबवलेले. १८०४ मध्ये ते स्वतंत्र झाले, तर १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले. मळेवाल्यांची जी ‘मालमत्ता’ गेली तिची ही भरपाई, आणि त्या मालमत्तेत माणसंही धरलेली. गुलामांनी स्वतःची किंमत मालकाला चुकवायची! त्याच्या शेजारी सिडकोला बसवलंत तर दोन्हींवर अन्याय होईल.

दिवाळे गावचा :
मी दोन्ही एकच म्हटलं नाही. क्रियापद एकच आहे, एवढंच म्हटलं. ‘भरपाई’ हा शब्द तुम्हीच आणलात हे बरं झालं. तिथे ज्याचं गेलं त्याने दिली. आमच्याकडे ज्याचं गेलं त्याला मिळाली, पण ती किती असावी हे घेणाऱ्याने ठरवलं. हे दोन्ही एकाच शब्दात मावतं, हीच माझी तक्रार.

कळवा पूर्व :
वंश-वर्णाकडे येतो.

‘वंश’ म्हणजे संस्कृतात बांबू. पेरामागून पेर वाढत जातं म्हणून कूळ, पिढ्या. वंशाचा दिवा, वंशवेल, वंशावळ यांतला वंश घरातला आहे, रंगाचा नाही. ‘वर्ण’ मात्र रंगही आहे आणि चातुर्वर्ण्यही. आपल्या वर्तमानपत्रांनी दक्षिण आफ्रिकेसाठी ‘वर्णभेद’, ‘वर्णद्वेष’ वापरलं आणि अमेरिकेसाठी कधी वंश, कधी वर्ण. त्यामुळे मराठी वाचकाला परदेशातला अन्याय वाचताना घरचा शब्द दिसतो. काहींना तो टोचतो. मला तो उपयोगी वाटतो, पण एका अटीवर.

अट अशी की जात म्हणजे वंश असं त्यातून सुचता कामा नये. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच स्पष्ट लिहिलंय की जातिव्यवस्था ही एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे, वंशांची नव्हे. त्याच लिखाणात त्यांनी म्हटलंय की ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. तुमच्या गटाला ड्यू बॉइस वाचायचे असतील तर हे वाक्य आधी फळ्यावर लिहा. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे देत असलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती, आणि तिकडून उत्तरही आलं. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्यामुळे हा विषय बाहेरून आयात झालाय असं कोणी म्हटलं तर त्याला आपलं पोस्ट ऑफिस किती जुनं आहे ते सांगा.

उदाहरण हवं असेल तर गिरणीतलं घ्या. साचेखात्यात, म्हणजे मागावर, पगार बरा. पण धोट्यातला, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या नळीतला, धागा तोंडाने ओढावा लागायचा. अस्पृश्याची थुंकी धाग्याला लागेल म्हणून त्याला साचेखातं बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे केला. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक म्हणत होते, आणि एक धागा त्यांना एक होऊ देत नव्हता.

किसननगरची :
धागा! हे टिपणात जाणारच. ड्यू बॉइस १९३५ मध्ये जे मांडतात ते अगदी याला लागून आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या मजुराचा पगार तुटपुंजाच, पण वर त्याला एक ‘मानसिक मजुरी’ मिळायची. लोकांत मान, सार्वजनिक बागेत प्रवेश, पोलीस आपल्यातले. तेवढ्यावर तो काळ्या मजुराच्या बाजूला उभा राहीना. मी आधी ‘मानसिक वेतन’ लिहिलं होतं, वाचताना ऑफिसातली पे-स्लिप वाटली. मजुरी की पगार?

कळवा पूर्व :
मजुरीच. पगार पोर्तुगीज आहे, १७३७ पर्यंत ठाणं त्यांच्याच ताब्यात होतं, त्यामुळे वसाहतीच्या टिपणात तोही शोभला असता म्हणा! पण पगार पहिल्या तारखेला होतो. मजुरी दिवस मावळल्यावर हातावर पडते. ड्यू बॉइसवाली रोजची आहे, रस्त्यावरून जाताना मिळणारी.

शहापूरची, आता घोडबंदर :
तुम्ही सगळे कामगार, श्रमिक, मजूर करताय आणि आपल्या जिल्ह्याचा खरा शब्द कुणी काढलाच नाही. वेठ.

संस्कृत ‘विष्टि’पासून वेठ. बिगार फारसी. दोन्हींचा अर्थ फुकट करून घेतलेलं सक्तीचं काम, आणि आपण दोन्ही जोडून ‘वेठबिगार’ केलं. राज्यकर्ते बदलले तसा शब्द लांबला, काम तेच राहिलं. माझ्या आजीच्या तोंडी ‘वेठीला जाणं’ हे ‘बाजाराला जाणं’ इतकं साधं होतं.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे डहाणू-तलासरीकडचे वारली आदिवासी आले होते. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच, पालघर २०१४ ला वेगळा झाला. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिले. मे महिन्यात झरीला सभा झाली आणि ठरलं की यापुढे वेठ करायची नाही, फुकट कुणाच्या शेतावर जायचं नाही. लग्नासाठी कर्ज काढून नवरा-बायको दोघं सावकाराकडे बांधले जायचे, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. ते सुटले. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. देशात वेठबिगारी कायद्याने रद्द झाली १९७६ मध्ये.

हे इतिहास म्हणून सांगत नाहीये, शब्दावरच येतेय. आज ‘वेठीस धरणे’ कुठे वाचता? ‘संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले.’ ‘सफाई कामगारांनी शहराला वेठीस धरले.’ बघा जरा. वेठ धरायचा तो जमीनदार, धरला जायचा तो वारली. आता जो काम थांबवतो तोच वेठीला धरणारा ठरला, आणि ज्याचा कचरा उचलला गेला नाही तो वेठबिगार! शब्द जिथून निघाला त्याच्या बरोबर उलट्या दारात जाऊन उभा राहिला. मला दर वेळी ही ओळ वाचून वर्तमानपत्र खाली ठेवावंसं वाटतं.

नेरुळचा जुना मुद्रितशोधक :
इथे मी गुन्हेगार आहे. चाळीस वर्षांत असे मथळे शेकड्याने हाताखालून सोडले असतील. ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, धरलं कुणी ते नाही पाहिलं.

तेवढ्यात ‘क्रांती’चंही उरकून टाकतो, ताईंनी विचारलेली नाही तरी. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे. सूर्याच्या वाटेला क्रांतिवृत्त म्हणतात आणि संक्रांत त्याच घरातली. युरोपातही हा शब्द आधी ग्रहगोलांच्या फेऱ्याचा होता, मग राजकारणात आला. त्यामुळे प्रतिशब्द चपखल बसला. पण जपा, मराठीत ‘क्रांतिकारक’ म्हणजे पिस्तूलवाला स्वातंत्र्यसैनिक आणि ‘क्रांतिकारी’ म्हणजे डिटर्जंटची जाहिरात. हैतीच्या टिपणात तिथल्या उठावाचे नेते तुसाँ लूव्हर्त्यूर यांना क्रांतिकारी लिहाल तर पावडर आठवेल. आणि ‘जहाल डावे’ नको, जहाल म्हटलं की टिळक आठवतात. ‘मूलगामी’ लिहा. तिकडचा मूळ शब्दही मुळावरूनच आलाय, लॅटिनमध्ये ‘राडिक्स’ म्हणजे मूळ.

कोपरखैरणे, माथाडी चाळ :
मी फक्त वाचत होतो. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते, कांदा-बटाट्याला. माथाडी हा शब्द तुमच्या कुणाच्या यादीत आला नाही म्हणून लिहितोय. हमाल अरबी, कामगार अर्धा फारसी, माथाडी मात्र आपला. माथ्यावर ओझं घेतो तो माथाडी. १९६९ च्या कायद्यात हाच शब्द घातला गेला, हमाल आणि इतर श्रमजीवी त्याच्या मागे. मापाडी, तोलणार, वारणार असे प्रत्येकाचे वेगळे शब्द आहेत, आणि टोळी म्हणजे गुंडांची नव्हे, आमची, मुकादमासकट. वडिलांना ‘श्रमिक’ म्हटलेलं आवडायचं नाही. म्हणायचे, तो भाषणातला माणूस आहे.

वर कुणीतरी संप म्हटलं त्यावरून आठवलं. पहिल्यांदा संप झाला तेव्हा वडिलांच्या गाळ्याचे गुजराती शेठ त्यांना म्हणाले, “संप राखजो.” वडिलांना कळेना, शेठच संप चालू ठेवा म्हणतोय? गुजरातीत संप म्हणजे एकोपा. शेठ म्हणत होते, एकमेकांत नीट राहा, भांडू नका. मराठीतही जुना अर्थ एकत्र येणे, संगनमत करणे असाच होता. काम बंद करणं हा अर्थ मागाहून चिकटला.

शेठला घरी जाऊन कुणी सांगितलं की नाही, माहीत नाही. वडील टोळीत दर वेळी ते सांगून हसायचे.

किसननगरची :
दादा, हे रविवारी वाचून दाखवलं तर चालेल का? रिक्षावाले काका वसाहतीवरून अजून मागे लागलेत. त्यांना ‘वसवणे’ आणि ‘वेठीस धरणे’ हे दोन्ही देते, पुढच्या रविवारी चहाची पाळीही त्यांचीच आहे.

कोपरखैरणे, माथाडी चाळ :
वाचा. फक्त ‘माथाडी कामगार’ असं लिहू नका. नुसतं माथाडी.